जरा जुळवून घ्या!

'जुळणे' हे क्रियापद माझ्या पोटापाण्याचे आहे. गेली बावीस वर्षे मी बँकेत कारकुनी करतो आहे आणि संध्याकाळी कॅश जुळली की घरी जातो. जुळली नाही तर जात नाही. एकदा दहा रुपये जास्त आले म्हणून रात्री साडेनऊपर्यंत बसलो होतो. लोकांना वाटते, जास्तच आलेत ना, मग बिघडले कुठे? हे दुःख वाणिज्य शाखेच्या पदवीधरालाच कळायचे. कमी आलेले पैसे खिशातून भरता येतात. जास्त आलेले कुठे भरणार?

तेव्हा जुळण्याच्या बाबतीत धाराशिव जिल्ह्यात आपल्याइतके कुणाला कळत नाही, असा माझा समज होता. त्यात २०२३ साली जिल्ह्याचे नाव बदलले आणि एकाच्या पासबुकावर उस्मानाबाद, आधारकार्डावर धाराशिव, असे कागद टेबलावर येऊ लागले. "साहेब, गाव एकच हाय की!" असे गिऱ्हाईक म्हणायचे, आणि ते एकच आहे हे कागदोपत्री जुळवून द्यायचे काम अस्मादिकांकडे. म्हणजे न जुळणारेही जुळवून देण्यात माझा हात बसला होता.

हा समज आमच्या चिरंजीवांनी मोडला. एके दिवशी जेवताना ते आपल्या आईला म्हणाले, "बाबांना सांग, मला कॉम्प्युटर बनवायचाय."

इथे आमच्या घरातली व्यवस्था सांगायला हवी. मी समोरच, दोन हातांवर, जेवत होतो. मध्ये फक्त शेंगाच्या चटणीची वाटी होती. पण चिरंजीव कॉलेजात गेल्यापासून माझ्याशी थेट बोलत नाहीत आणि मीही त्यांच्याशी बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही. भांडण झाले असते तर त्या निमित्ताने बोलणे तरी झाले असते. "त्याला सांग, गाडीत पेट्रोल टाक म्हणावं." "बाबांना सांग, कालच टाकलंय." असा आमचा पत्रव्यवहार सौ.च्या मार्फत चालतो. मूळ मजकुरात ती थोडी दुरुस्तीही करते. मी म्हटलेले 'गाढवा' तिकडे पोहोचेपर्यंत 'बाळा' झालेले असते.

"त्याला विचार," मी म्हणालो, "कॉम्प्युटर म्हणजे काय उप्पीट आहे, बनवायला?"

तिकडून खुलासा आला, की सुटे भाग वेगवेगळे विकत घ्यायचे आणि घरीच जोडायचे. तसे केले की पैशाच्या मानाने चांगले यंत्र मिळते. कशासाठी, तर गेम खेळण्यासाठी. खर्च, पाऊण लाख. त्यातले बावीस हजार चिरंजीवांनी बक्षिसाचे आणि आजीने दिलेले असे साठवले होते. बाकीच्यांचे काय ते त्यांनी सांगितले नाही. न सांगताच मला कळले.

आमच्या पिढीचा खेळ विटी-दांडू. भांडवली खर्च शून्य, आवर्ती खर्च शेजाऱ्याची काच. मी 'नाही' म्हणणारच होतो. पण रात्री माझ्या टेबलावर एक कागद ठेवलेला दिसला. अक्षर चिरंजीवांचे, म्हणजे मुंगीला शाईत बुडवून सोडल्यासारखे. पण रकाने मात्र सरळ! भाग, त्याला काय लागते, तो कशाशी जुळतो, किंमत. च्यायला, ही तर खातेवही! मी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि बसलो. कर्जाचे प्रकरण फेटाळायचे असले तरी आधी वाचावे लागते.

वाचता वाचता माझ्या ज्ञानात पडलेली भर सांगतो.

या यंत्रात मदरबोर्ड नावाची एक पाटी असते. सगळे भाग तिच्यावर बसतात आणि एकमेकांशी जे काही बोलायचे ते तिच्यामार्फत बोलतात. (तिला मदर का म्हणतात हे त्या रात्री माझ्या लक्षात यायला हवे होते. ते यायला पुढे महिना लागला.) तिच्यावर प्रोसेसरसाठी एक चौकोनी जागा असते, ते सॉकेट. इथून सोयरिकीला सुरुवात. इंटेलचे एलजीए १७०० नावाचे सॉकेट, त्याला १७०० संपर्कबिंदू. एएमडीचे एएम ५, त्याला १७१८. अठरा बिंदूंचा फरक, पण याचा प्रोसेसर त्याच्या घरी जन्मात नांदणार नाही. सॉकेट जुळले तरी खुशाल झोपावे असे नाही. इंटेलने २०१७ साली आठव्या पिढीचे प्रोसेसर काढले. सॉकेट आधीच्या पिढीचेच, ११५१ बिंदूंचे. तरी ते आधीच्या बोर्डांवर चालत नसत. पाहुणा मांडवात येतो, पाटावर बसतो, पण बोलत नाही, अशातला प्रकार.

दुसरी गंमत ऐका. जुन्या बोर्डाला नव्या प्रोसेसरची ओळख पटावी म्हणून त्याच्या पोटातले बायोस नावाचे सॉफ्टवेअर नवे करावे लागते. ते करायला यंत्र चालू हवे आणि चालू करायला जुना प्रोसेसर हवा. म्हणजे नव्या जावयाची ओळख पटायची तर जुना जावई आधी घरात पाहिजे! अलीकडच्या पुष्कळ बोर्डांत यातून सुटायची सोय असते म्हणा. पण मूळ अटीने मला आमच्या कर्जविभागाची आठवण झाली. तिथेही कर्ज त्यालाच मिळते ज्याला त्याची गरज नाही.

मग वीज. चिरंजीवांनी निवडलेला रायझन ५ ७६०० प्रोसेसर ६५ वॅटचा. चित्रे रंगवणारे आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅटचे. बेरीज १८०. आणि पॉवर सप्लाय लिहिला होता ५५० वॅटचा! मी लाल पेन्सिलीने गोल केला. सकाळी गोलाशेजारी उत्तर लिहिलेले होते : 'बाकीचे भाग आहेत. शिवाय मार्जिन.' मार्जिन! बँकवाल्याला यापुढे काय बोलता येणार?

आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट कागदाच्या तळाशी होती. प्रत्येक भाग बाजारातला उत्तमातला उत्तम घेतला म्हणून यंत्र उत्तम होत नाही. भारी कार्डाला हलका प्रोसेसर दिला, तर कार्ड अर्धा वेळ हात चोळत बसते आणि त्याचे पैसे पाण्यात जातात. सगळे एकमेकांच्या तोलाचे हवे. हे वाचून मला आमची शाखा आठवली. पण ते जाऊ द्या.

मी कर्ज मंजूर केले. तोंडाने नव्हे. कागदावर सही करून.

त्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच विषय घोळत होता. माणसांच्या पत्रिका जुळवतात तेही एक असेच कोष्टक. वर्णाला १ गुण, वश्याला २, तारेला ३, असे चढत चढत नाडीला ८. एक ते आठची बेरीज ३६. त्यात १८ मिळाले की लग्न करायला हरकत नाही म्हणतात. म्हणजे पन्नास टक्क्यांना पास! कॉम्प्युटरला ३६ पैकी ३५ मिळाले तरी पडदा काळाच राहतो. आमचे स्वतःचे २७ जुळले होते, म्हणजे पंचाहत्तर टक्के, प्रथम वर्गाच्याही वर. उरलेले नऊ कुणी भरून काढायचे? त्याची सोय लग्नातच झाली. पाया पडायला गेलो की प्रत्येक वडीलधारे म्हणत, "जरा जुळवून घ्या हं!" म्हणत दोघांना, पण बघत मात्र तिच्याकडे. मराठीतले आदरार्थी अनेकवचन इतके काटकसरीने वापरलेले मी दुसरीकडे पाहिले नाही.

यथावकाश भाग येऊ लागले. बोर्ड आला, प्रोसेसर आला, कार्ड आले. फक्त रॅम राहिली होती, आणि नेमकी सौ. आठ दिवसांसाठी बार्शीला गेली. तिच्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. घरातले टपाल बंद पडले. पहिल्या सकाळी मी माझा चहा केला, चिरंजीवांनी त्यांचा केला. दोन भांडी, दोन गाळणी. आमच्या घरात दोन गाळणी आहेत हे मला त्या दिवशी कळले.

मला सोलापूरला बँकेचे काम निघाले. फ्रिजवर चिठ्ठी चिकटवलेली होती : 'रॅम. डीडीआर ५. १६ जीबीच्या २.' दुकानात गेलो आणि भाव ऐकून खुर्ची मागितली. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर मोठमोठी डेटा सेंटरे उभी राहत आहेत आणि मेमरी तिकडेच चालली आहे, त्यामुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव सोन्याच्या वाटेने निघाले होते. दुकानदाराकडे जुन्या साठ्यातली डीडीआर ४ होती, जवळजवळ निम्म्या किमतीत. मी विचारले, "हिला पाय किती?"

"दोनशे अठ्ठ्याऐंशी."

"आणि त्या महागड्या पट्टीला?"

"दोनशे अठ्ठ्याऐंशीच की. पर साहेब, तुमचा बोर्ड कंचा हाय?"

"चांगला आहे," मी म्हणालो.

बिचाऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि बिल केले. दोन्ही बाजूंची बेरीज २८८. जमा आणि नावे सारखे. यापुढे वाणिज्य पदवीधराला शंका घेण्याचे कारण नव्हते.

घरी आलो तेव्हा चिरंजीव बाहेर गेले होते. म्हटले, आपणच बसवून त्याला चकित करावे. पट्टी खाचेत धरली. बसेना. उलटी धरली. बसेना. मग बँकेच्या जुन्या कपाटांना लावतो तसा दोन्ही अंगठ्यांचा जोर लावला. बोर्ड थोडा वाकला, काहीतरी करकरले आणि मी मोठ्याने म्हणालो, "अगं, जरा जुळवून घे की!"

"बाबा, जोर लावू नका."

दारात चिरंजीव उभे होते. आठ महिन्यांतले हे पहिले थेट वाक्य.

"बसत नाहीये रे."

"बसत नाही म्हणजे चूक आपली असते, बाबा. पार्टची नसते." त्याने पट्टी माझ्या हातातून अलगद घेतली आणि दिव्याखाली धरली. "ही बघा खाच. पाय दोन्हींना २८८च. पण डीडीआर ५ ची खाच जरा वेगळ्या जागी असते. मुद्दामच तशी केलीय. चुकीची बसूच नये म्हणून."

मी खाली बसलो. पैसे वाया गेले म्हणून नव्हे (तेही होतेच). कुणीतरी दूर देशी बसून एवढा विचार केला होता, की उद्या धाराशिवातला एखादा कारकून दोन्ही अंगठे लावून हिला दाबेल, तर तिला 'नाही' म्हणता आले पाहिजे. माणसांत आपण काय करतो? लहानपणापासून ती खाच आधी कानशीने घासून काढतो. मग कुठेही बसवा, तक्रार नाही.

त्या रात्री आम्ही दोघांनी पिठले केले. ते कसे झाले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जेवताना बोलायला काही सुचेना, म्हणून मी त्याला माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली.

आजोबा कुर्डुवाडीच्या स्टेशनात हमाल होते. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, ती तिथून. पुढे ती १९११ साली लातूरपर्यंत आणि १९२७ साली मिरजेपर्यंत गेली. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर. हा गृहस्थ थेट आमच्या चिरंजीवांच्या गोत्रातला! त्याने ठरवले, की इंजिन असो, डबा असो, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. सगळे एका मापाचे, एकमेकांच्या तोलाचे. गाडी छोटी, पण आतून अशी जुळलेली, की हलक्या रुळांवरून बिनबोभाट धावे. गोम एवढीच, की तिच्या रुळांतले अंतर दोन फूट सहा इंच आणि कुर्डुवाडीला मुंबईहून येणाऱ्या मोठ्या लाइनीचे पाच फूट सहा इंच. बरोबर तीन फुटांचा फरक. लातूरकडून आलेले प्रत्येक पोते छोट्या गाडीतून उतरवायचे, पाठीवर घ्यायचे आणि मोठ्या गाडीत चढवायचे. आजोबांनी त्या तीन फुटांत तीस वर्षे काढली. त्यांच्या मानेखाली लिंबाएवढी गाठ होती. लहानपणी मी तिच्यावर हात ठेवून झोपत असे.

चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पणजोबा अडॅप्टर होते."

मी हसलो. मग हसू थांबले.

कारण गोष्ट खरी होती. दोन वस्तू जुळत नसतात आणि दोघींपैकी एकही मागे सरत नाही, म्हणून काही काम थांबत नाही. काम चालूच राहते. फक्त मधल्या अंतराचे ओझे तिसऱ्याच कुणाच्या तरी पाठीवर जाते. आणि ते इतके मुकाट्याने वाहिले जाते, की दोन्ही बाजूंना वाटत राहते, आपले अगदी छान जुळले आहे! रेल्वेच्या हिशेबात हमाली लागली असेल. गाठ कुठल्या खात्यात लागली? आमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली तेव्हा दोन्हीकडचे साहेब हार घालून घेत होते आणि इकडचे खाते तिकडच्या यंत्रात का दिसत नाही, याची उत्तरे काउंटरवर मी देत होतो. हे मी वर्षभर सगळ्यांना ऐकवले. आजोबांची गाठही अभिमानाने सांगत आलो. आणि माझ्याच घरात, चटणीच्या वाटीएवढ्या अंतरासाठी, मी बिनपगारी हमाल नेमून बसलो होतो. निरोप, राग, पेट्रोल, फी, सगळी पोती इकडून उतरवा, तिकडे चढवा. तिच्या मानेवर गाठ दिसत नव्हती, एवढेच.

मग जुळवून घेणे वाईट का? तसेही म्हणवत नाही. आजोबांनी पाठ दिली म्हणून वडील शिकले आणि मी खुर्चीवर बसलो. प्रत्येकाने आपापली खाच पुढे केली, तर कुठलाही संसार पंधरा दिवस टिकायचा नाही आणि बँकेची एकही शाखा सकाळी दहाला उघडायची नाही. यंत्राचा भाग 'नाही' म्हणू शकतो हे त्याचे भाग्य. पण तो बदलू शकत नाही. सॉकेट बदलले की तो भंगारात. माणूस बदलतो, म्हणून टिकतो. तेव्हा प्रश्न जुळवून घ्यावे की नाही, हा नाहीच. प्रश्न पाळीचा आहे. बँकेत उशिरापर्यंत थांबायचे झाले तर त्याचा तक्ता लागतो. आज तुमची पाळी, उद्या माझी. जुळवून घेण्याचा असा तक्ता कुठल्या घराच्या भिंतीवर लागलेला मी अजून पाहिलेला नाही. नेहमी एकाच नावापुढे खूण. ऑडिटर असता तर पहिल्याच पानावर शेरा मारला असता.

कुर्डुवाडीचा प्रश्नही शेवटी हमालांनी जुळवून घेऊन सुटला नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात रूळच उखडले आणि लातूरपर्यंत रुंद टाकले. तेव्हा मार्गही जरा वळवून आमच्या गावातून नेला. जुनी छोटी गाडी गावाला टाळून येडशीवरून जात असे. म्हणजे रूळ हलतात. पण ते हलवायला शंभर वर्षे लागली, कारण हमाल स्वस्त होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही दोघे एसटीने सोलापूरला गेलो. दुकानदाराने वरचे पैसे घेऊन रॅम बदलून दिली. बोर्ड कुठला ते या वेळी चिरंजीवांनी सांगितले. जाता-येता फारसे बोलणे झाले नाही. पण शांततेची जात वेगळी होती. घरी आल्यावर पट्टी त्याने माझ्या हातात दिली. खाच पाहिली, सरळ धरली, नेहमीइतकाच दाब दिला. टक्. बावीस वर्षांत कॅश जुळल्याचाही इतका आनंद झाला नव्हता.

बटण दाबल्यावर हे यंत्र म्हणे आधी स्वतःची तपासणी करते. आमच्या तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे मडके कुठले ते ओळखले, अशी कथा आहे. हे यंत्र स्वतःच्याच डोक्यावर मारून घेते. मी श्वास रोखून उभा होतो. पडदा उजळला. त्या मडक्यांत कच्चे कुणी नव्हते. बाहेर उभ्या असलेल्यांबद्दल काही बोलत नाही.

रविवारी सौ. परत आली. पिशवी खाली ठेवत होती, तोच मी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारले, "ओम्या, चहा घेणार का रे?"

"अर्धा कप, बाबा."

ती जागच्या जागी थांबली. माझ्याकडे पाहिले, खोलीकडे पाहिले. "काय झालंय? कुणाला बरं नाहीये का?"

"काही नाही. बस तू. चहा मी करतोय."

हे ऐकून तर ती खरोखरच घाबरली. चहा आणून दिला, तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "साखर कमी आहे."

"जरा जुळवून..." मी म्हणालो, आणि उठून साखरेचा डबा आणायला गेलो. डबा कुठे असतो हे मला माहीत नव्हते. ते मात्र तिलाच विचारावे लागले.